दहाव्याचा माईक

मी जुन्या वळणाची बाई आहे आणि हे सांगताना मला काडीचीही लाज वाटत नाही. लग्नात लग्नासारखं वागावं, मयतीत मयतीसारखं वागावं, देवळात चपला बाहेर काढाव्यात, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध निदान संध्याकाळपर्यंत तरी बोलू नये, एवढंच माझं राजकारण. पण एवढं राजकारण आता कुठल्याच पक्षाला परवडत नाही.

रोज सकाळी चहाबरोबर पेपर वाचायचा आणि पेपरावर चिडायचं, हा माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा छंद होता. मला कळंबला दिलेलं. तो माहेरी, वडगाव निंबाळकरच्या पलीकडं आमचं गाव आहे तिथं, उसात आणि चार गाईंच्या धारांत रमलेला. गाव त्याला तात्या म्हणायचं, मी दादा म्हणायचे. धारा उरकल्या की त्याचा फोन यायचा. "वाचलं का?" एवढंच विचारायचा, कसं काय, बरं हाय का, काही नाही. मग आम्ही दोघं म्हातारी माणसं राज्याच्या कारभाराची पिसं काढायचो.

पिसं काढायला माल कमी नसायचा. एका पुढाऱ्यानं सकाळी एका पक्षात प्रवेश केला आणि दिवस मावळायच्या आत पहिल्या पक्षात परत आला, अशी बातमी फोटोसकट आली होती. दोन्ही फोटोंत हसू तेच. दादा म्हणाला, "मधलं जेवाण कुणाकडं केलं तेवढं छापलं न्हाय." आमच्या बाजूला एका एसटीच्या थांब्याचं उद्घाटन दोन गटांनी दोनदा केलं, नारळ दोन फुटले, फीत दोनदा कापली, आणि एसटी अजून तिथं थांबत नाही. एकानं आपल्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला, त्यात बैलाच्या डोक्यावर सगळे पुढारी गोल गोल फोटोत. दादा म्हणाला, "बैलाची इज्जत गेली गं." कुणाला तरी क्रेननं सफरचंदांचा हार घातला आणि हार खाली येताच माणसं सफरचंदांसाठी एकमेकांच्या उरावर बसली. हे सगळं आम्ही बोलायचो, हसायचो, आणि हसून झाल्यावर मला खरंच राग यायचा. अजूनही येतो. पूर्वीचे पुढारी धुतल्या तांदळासारखे होते असं मी म्हणणार नाही, मी त्यांनाही पाहिलंय. पण लाज कुठं धरायची ते त्यांना माहीत होतं. मढ्यासमोर ते टोपी काढून गप्प बसायचे, आणि उठून जायचे.

आता आमच्या भागात मढंसुद्धा सोडत नाहीत. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते. माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीवर पिंडदान असतं. पोरं डोकं भादरतात, भाताचा पिंड करून घाटाच्या दगडावर ठेवतात, आणि कावळा शिवायची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा मागं राहिली. मग एकेकानं पुढं होऊन हात जोडायचे आणि शब्द द्यायचा, की हे बघतो, ते करतो, तू जा. इतका साधा आणि इतका गंभीर विधी. त्यात आता मंडप आला, माईक आला, कोण आलं कोण आलं ते पुकारणारा निवेदक आला, आणि 'श्रद्धांजलीपर दोन शब्द' बोलणारे पुढारी आले. निवडणूक जवळ असली की एकेक पुढारी एका सकाळी दोन दोन घाट करतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. फक्त आता ते लोणी सगळ्यांच्या देखत, कर्णे लावून खातात.

आमच्या एका चुलतभावाच्या दहाव्याला मी आणि दादा असेच घाटावर बसलो होतो. समोर एक पुढारी गेलेल्या माणसाचं नाव चुकीचं घेऊन त्याच्या आठवणी सांगत होता. दादा उठला, मला बाजूला घेऊन गेला आणि म्हणाला, "माझ्या दहाव्याला माईक लावू दिऊ नगंस. किती का मोठा येईना, गप बसावं आन् जावं."

"पोरांना सांग की," मी म्हणाले.

"पोरांना सांगून उपेग न्हाय. त्येंच्या हातात काय न्हाय. तू सांग. तुझ्या तोंडाला गाव भितं."

मी त्याला शब्द दिला. पोरांच्या हातात काही नाही हे खरंच होतं. माझे दोन भाचे, थोरला एका गटाच्या गाडीत आणि धाकटा दुसऱ्या गटाच्या. पूर्वी सगळे एकाच गटात होते. वरती कुणाचं तरी फाटलं आणि खाली आमच्या घरात मधोमध रेघ पडली. जेवणाला बसायची ताटंसुद्धा एकमेकांकडं पाठ करून. दादा दोघांच्या मधे बसायचा आणि वाढणाऱ्या माझ्या वहिनीला सांगायचा, "ह्याला भाकरी वाढ. त्येलाबी वाढ." घरात तेवढंच बोलणं उरलं होतं.

परवाच्या उन्हाळ्यात दादा गेला. फार हाल झाले नाहीत. सकाळी गोठ्यात बसला तो बसल्या जागीच.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि मी दोन्ही भाच्यांना समोर बसवलं. म्हणाले, "तुमच्या बापानं मला सांगून ठेवलंय. दहाव्याला माईक लावायचा न्हाय. भाषणं न्हायत."

थोरला लगेच म्हणाला, "व्हय आत्या. तात्यांचा शब्द म्हंजी शब्द." धाकटाही म्हणाला, "न्हाय लावायचा." दोघांचं बऱ्याच दिवसांनी एका गोष्टीवर एकमत झालं. वहिनीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, दादा, तुझं काम झालं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! दहाव्याच्या सकाळी आम्ही बायका टेम्पोतून नीरेच्या घाटावर उतरलो तर मंडप उभा होता, सतरंज्या पडल्या होत्या, पुढच्या बाजूला सोफे होते, आणि माईकवाला 'हॅलो, हॅलो, चेक' करत होता. त्याहून कहर म्हणजे कर्णे कुठं बांधले होते? घाटावर चिंचेचं एकच मोठं झाड आहे. सगळे कावळे त्या झाडावर असतात, पिंड ठेवला की तिथूनच उतरतात, हे पोराटोरांना माहीत आहे. दोन्ही कर्णे त्या चिंचेला, वरच्या फांदीला.

मी थोरल्याला गाठलं. डोकं भादरून तो ओल्या धोतरात उभा होता, एका कानाला फोन होता. "हे काय?" मी म्हणाले.

"आत्या, मी नगंच म्हणत हुतो. पण गटाच्या माणसांनी सांगितलं की सायेब येत्यात. मग सायेबांना दोन शब्द बोलायला नगं? अन् आमचं सायेब बोलल्यावर धाकट्याचं सायेब ऐकत्याल व्हय?"

धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "थोरल्यानं लावला म्हणून. आमच्या सायबांनी मुकं बसावं का?" म्हणजे आपल्या बापाच्या दहाव्याला माईक का आहे, याचं उत्तर दोघांकडं एकच होतं: दुसऱ्यामुळं. माझं तोंड गावाला भिववत असेल, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला कुणी विचारलं नाही. मी माईकवाल्याकडं गेले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मावशी, दोन्ही भावांची सुपारी हाय, बंद कुणाच्या सांगण्यावरनं करू?" मी जाऊन वहिनीशेजारी बसले. तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

पिंड ठेवला आणि निवेदकाला कंठ फुटला. अमुक यांची उपस्थिती, तमुक यांची उपस्थिती, तमुक हे बाहेरगावी असल्यामुळं येऊ शकले नाहीत परंतु त्यांचा फोन आलेला आहे, सोफ्यावर पुढं या, पुढं या. एखाद्याचं नाव राहिलं तर त्याचा माणूस येऊन निवेदकाच्या कानाला लागायचा. चिंचेवरचे कावळे पहिल्या 'हॅलो'लाच उडाले होते. ते पलीकडच्या काठावर उसाच्या शेंड्यांवर जाऊन बसले, आणि तिथून घाटाकडं बघत राहिले.

मग भाषणं. थोरल्याच्या साहेबांनी तात्यांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल सांगितलं. दादा मनमिळाऊ नव्हता. तो खवचट होता, आणि म्हणूनच मला आवडायचा. ते म्हणाले, तात्यांना खरी श्रद्धांजली वाहायची असेल तर येत्या काळात योग्य निर्णय घ्यावा लागेल. योग्य निर्णय म्हणजे कोणता हे चिंचेलासुद्धा कळलं. टाळ्या वाजणार होत्या, पण प्रसंग आठवून दोघातिघांनी हात मागं घेतले. मग धाकट्याचे साहेब उठले आणि म्हणाले, काही लोक दहाव्यालासुद्धा राजकारण करतात, याचं तात्यांना दुःख झालं असतं. एवढं बोलून त्यांनी स्वतःचं राजकारण केलं. पहिल्या साहेबांनी जाता जाता या घाटावर पत्र्याची शेड जाहीर केली होती, तर दुसऱ्यांनी तात्यांच्या स्मरणार्थ घाटावर कायमची माईकची व्यवस्था करून देण्याचा शब्द दिला, म्हणजे पुढच्या कुटुंबांना भाड्यानं आणायला नको. माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

भाषणं संपली तरी कावळा नाही. ऊन चढलं. मोबाईल दांडीला लावून बातम्या दाखवणारा एक माणूस पिंडासमोर उकिडवा बसून शूटिंग करत होता. थोरला पुढं झाला, पिंडासमोर हात जोडून म्हणाला, "तात्या, धाकट्याला अंतर देणार न्हाय." हे म्हणताना त्याचे डोळे सोफ्याकडं होते. धाकटा म्हणाला, "आईला संभाळतो." कुणी चहा ठेवला, कुणी तंबाखूची पुडी ठेवली. एका शहाण्याला आठवलं की तात्यांना पेपराची आवड, म्हणून त्यानं त्या दिवशीचा पेपर आणून पिंडाशेजारी पसरला आणि वर दगड ठेवला. वाऱ्यानं पेपर फडफडायला लागला. एखादा कावळा येणार असता तर तोही त्या फडफडीला भिऊन मागं गेला असता. पहिल्या पानावर हार घातलेला एक पुढारी हसत होता.

"आत्या," थोरला माझ्याकडं आला. धाकटाही मागोमाग आला. "तात्यांचं काय राह्यलं असंल? तुला म्हाईत असंल. तू बोल."

दोघांची भादरलेली डोकी, घामाची. एकदम बापावर गेलेली. मला दोघांना दोन मुस्काटात द्याव्यात असंही वाटलं आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. मी म्हणाले, "मी सांगितलंय तुमाला. माईक बंद करा."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग थोरला निवेदकाकडं गेला, कानात बोलला. मला वाटलं, आता तरी झालं. निवेदकानं घसा खाकरला आणि माईकवरून, चिंचेवरच्या दोन्ही कर्ण्यांतून, नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं सांगितलं: "कैलासवासी तात्यांची अंतिम इच्छा होती की या ठिकाणी माईक नसावा. तरी सर्वांनी या इच्छेचा आदर करून शांतता राखावी अशी कुटुंबाच्या वतीनं विनंती. तत्पूर्वी आत्ताच आगमन झालेले आपले माजी सभापती, यांनी दोन शब्द व्यक्त करावेत."

माजी सभापतींनी व्यक्त केले. बरेच केले.

त्यांचं होईपर्यंत मी बसले. मग वहिनीच्या हातातून हात सोडवला, सतरंजीवरून उठले, माणसांतून वाट काढत पिंडापाशी गेले. पेपर उचलून घडी करून काखेत मारला. निवेदकाला वाटलं आत्या शब्द द्यायला आल्या, म्हणून तो माईक घेऊन धावला. मी त्याचा हात असा झटकला की माईक पायरीवर आपटून किंचाळला. मग मी हात जोडले आणि मला आमच्या आईबापांनी दिलेल्या गळ्यानं म्हणाले, "दादा, येऊ नगंस. ह्येंच्याकडनं हुणार न्हाय. हितं तुझं कुणी न्हाय."

लोक हबकले. कावळ्याला ये म्हणतात, येऊ नको असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. एक म्हातारी "अगं बया!" म्हणून तोंडावर हात ठेवून बसली. दांडीवाल्यानं दांडी माझ्याकडं वळवली. थोरला काळाठिक्कर पडला. धाकटा म्हणाला, "आत्या, अगं, लोक बघत्यात." लोक बघतात म्हणूनच तर तुमचं सगळं चाललंय, असं मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. मी जागेवर येऊन बसले. मला मुळीच वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं वडगावकडं जायचं होतं. कावळा अगदीच आला नाही तर दर्भाचा कावळा करायची सोय शास्त्रात आहे. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून दोन बोटांएवढा कावळा केला, थोरल्याच्या हातात दिला, धाकट्याला त्याच्या हाताला हात लावायला सांगितलं, आणि पिंडाला टेकवला. झालं. "आता पिंड पाण्यात सोडा," म्हणून सांगून ते मोटरसायकलवर बसून गेले. पण त्याच वेळी दोन्ही साहेब उठले. साहेबांना गाडीपर्यंत पोचवायला दोन्ही भाचे पायऱ्या चढून वर गेले, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. थोरल्याला त्याच्या साहेबांनी गाडीतच घेतलं, म्हणाले मुख्य रस्त्यापर्यंत चल, बोलायचंय. धाकट्याच्या साहेबांचा इंदापूरच्या बाजूला मेळावा होता. त्यांनी त्याच्या भादरलेल्या डोक्यावर आपल्या हातानं टोपी घातली आणि त्यालाही गाडीत घेतलं. अजून आंघोळ करून घराच्या उंबऱ्यालाही पाय लावला नव्हता त्यानं. जुनं माणूस असं करत नाही. पिंड दगडावर तसाच राहिला.

मंडपवाल्यानं सतरंज्या गुंडाळल्या. माईकवाला चिंचेवर चढून कर्णे सोडवून घेऊन गेला. टेम्पो बायकांची एक खेप घेऊन गेला. दुसऱ्या खेपेला आम्ही दोघी थांबलो, कारण वहिनी उठेचना. माझ्या मोबाईलवर गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता: 'तात्यांचा कावळा कुणासाठी थांबला? पाहा शेवटपर्यंत.' मी पाहिला नाही. नदीचं पाणी संथ होतं आणि पलीकडून कुठूनतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

पहिला कावळा कधी आला ते मी पाहिलं नाही. वहिनीनं माझा हात दाबला. तो दगडाच्या कडेवर उतरला, त्यानं मान तिरकी करून आमच्याकडं पाहिलं, आणि पिंडात चोच घातली. मग दुसरा आला. मग उसावरून सगळे उठले आणि बघता बघता पिंड राहिला नाही, चहासुद्धा सांडून गेला. वहिनी रडत होती आणि हसत होती. दादा गेल्यापासून तिचा आवाज मी नीट ऐकला नव्हता.

"आलं बगा वन्सं," ती म्हणाली. "शिवलं."

"शिवलं," मी म्हणाले.

"पोरांना फोन करून सांगती. जिवाला घोर लागला असंल त्येंच्या."

"न्हाय सांगायचं," मी म्हणाले. "त्येंच्यासाठी आल्यालं न्हाय ते. तुझ्यासाठी आलंय. पोरांना वाटू दे आयुष्यभर, की बापाचं काय राह्यलं."

"असं म्हणू नगा वन्सं. पोरं हायत माझी. झुरत्याल. दाव्याला बांधल्याली वासरं हायत ती, त्येंचं काय चालतंय?"

तिचं खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं, आणि मी मागं हटणाऱ्यातली नाही. मी म्हणाले, तुझी पोरं आहेत, तुला वाटेल ते कर, मी माझ्या तोंडानं सांगणार नाही. ती पदराच्या गाठीतून आपला साधा फोन काढत होती, तोच तो वाजला. धाकट्याचा होता. वहिनीला कमी ऐकू येतं म्हणून ती नेहमी आवाज मोठा ठेवते. मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, टेम्पो आला का? घरी पोचला का?" तो ओरडून बोलत होता, कारण त्याच्या मागं कर्णे चालू होते. कुणाचं तरी आगमन झालेलं होतं, कुणीतरी सोफ्यावर पुढं यावं, पुढं यावं. "आई, ऐकू येतंय का? एक विचारायचं हुतं. आमी गेल्यावर... नंतर शिवला का गं?"

पोरगं खरोखर घाबरलेलं होतं. त्याच्या आवाजात ते होतं, आणि मला, माझ्यासारख्या बाईलासुद्धा, आतून गलबललं. वहिनीनं दगडाकडं पाहिलं. तिथं दोन कावळे अजून शितं वेचत होते. तिच्या तोंडावर उत्तर आलेलं मला दिसलं. पण ती थांबली. फोन कानापासून जरा लांब धरला आणि मागचे कर्णे ऐकत राहिली. जाहिरात चालली होती, की आत्ताच पितृशोक झालेला असतानाही आपला हा कार्यकर्ता मेळाव्याला उपस्थित राहिलाय, त्याच्यासाठी जोरदार टाळ्या. टाळ्या वाजल्या.

वहिनीनं फोन परत कानाला लावला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ही बाई माझ्यासमोर कधी खोटं बोलली नव्हती.

"न्हाय रं," ती म्हणाली. "न्हाय शिवला." आणि तिनं फोन बंद केला.